श्रीमंतांच्या घरातली रहस्यं आणि आपली नववीतली पोरं

रेवाकाठ | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, एक गोष्ट आधीच बजावते. पुस्तकांचा शेवट इथे कुणीही फोडायचा नाही. लेक माझ्या खात्यावरून इथलं चोरून वाचते आणि तिची दोन पुस्तकं अजून व्हायची आहेत.

तर लेक नववीत. मे महिन्यात मैत्रिणीने तिला 'वी वेअर लायर्स' दिलं, ते दोन दिवसांत फस्त. मग 'द इनहेरिटन्स गेम्स', मग त्याचे पुढचे भाग, मग 'द कझिन्स'. आता टेबलावर जो गठ्ठा आहे त्यातलं कुठलंही पुस्तक उलटं करून मागचा मजकूर वाचा, सगळीकडे तेच. अतोनात पैसा, एक म्हातारा नाहीतर म्हातारी, मृत्युपत्र, चार देखणी नातवंडं आणि कुणीतरी काहीतरी लपवतंय. आमचं घर सिंहगड रोडला, दोन बेडरूमचं. सोसायटीत टँकरच्या पैशांवरून रोज वादावादी. आणि या बाईसाहेब पांघरुणात डोकं खुपसून मॅसेच्युसेट्सजवळच्या खाजगी बेटावर!

शेवटी मीही वाचायला घेतली. 'वी वेअर लायर्स' २०१४ चं. सिंक्लेअर आजोबांचं स्वतःचं बेट, त्यावर चार घरं, एक त्यांचं आणि तीन मुलींची तीन. दर उन्हाळ्यात सगळे जमतात. थोरली नात कॅडन्स. पंधराव्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिच्या बाबतीत काहीतरी घडतं आणि काय घडलं ते तिलाच आठवत नाही. घरातले सांगत नाहीत. याच्या पुढे मी बोलणार नाही.

मला खरं तर रहस्याने धरलं नाही. आजी गेल्यानंतर तिच्या वस्तूंवरून तिन्ही बहिणींची जी धुसफूस चालते, तिने धरलं. टेबलावर घालायची कापडं कुणाची, मोती कुणाचे. आणि मग प्रत्येक आई आपापल्या पोराला आजोबांकडे पिटाळते, जा, जरा गोड बोल, घराचा विषय काढ. ते वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं आणि उगाच गॅस पुसत बसले. का, ते जाऊ दे.

माझा प्रश्न असा की या गोष्टीला बेट कशाला लागतं? दोन गुंठ्यांवर हीच कादंबरी का लिहिली जात नाही? आणि चौदा वर्षांच्या पोरीला त्यात नेमकं काय सापडतं?

जुनाट_कपाट | शनिवार, रात्री ११:०५

उत्तर सोपं आहे ताई. आमच्या मातोश्री संध्याकाळी सातला मालिका लावतात त्यात जे सापडतं तेच. दोन्ही बाजूंनी उतरणारा जिना, झुंबर आणि जिन्यात उभं राहून कट करणारी मंडळी. त्या साड्या बघतात, तुमची लेक बोटी बघते. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

आमच्या वेळी फाफे होता, म्हणजे गोष्टींतला फास्टर फेणे. फुरसुंगीचा पोरगा, बुडाखाली सायकल, ट्टॉक करून चोराच्या मागे. त्याला बेट लागलं नाही.

रेवाकाठ | शनिवार, रात्री ११:२०

दिवा घेतला. पण कपाटदादा, फाफेने कधी स्वतःच्या मावशीवर संशय घेतल्याचं आठवतंय का? त्याचे चोर बाहेरचे असायचे. या पुस्तकांत चोर जेवायला शेजारीच बसलेला असतो. फरक आहे की नाही?

जुनाट_कपाट | शनिवार, रात्री ११:२४

हम्म. हा मुद्दा घरी नेतो.

वेळूबन | रविवार, सकाळी ७:५०

रेवाताई, बेट कशाला लागतं याचं माझ्यापरीने उत्तर देतो. मी या प्रकारातलं एक जुनं पुस्तक दर दोन-तीन वर्षांनी वाचतो, एलन रॅस्किनचं 'द वेस्टिंग गेम'. १९७८ चं आहे, पुढच्या वर्षी त्याला अमेरिकन बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं. पहिल्याच वाक्यात लेखिका आपल्याला चकवते. इमारतीचं नाव सनसेट टॉवर्स, पण तोंड पूर्वेला, आणि टॉवर एकही नाही. म्हणजे पाटीवर लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका, ही सूचना दारातच.

सॅम वेस्टिंग नावाचा कागद-कारखानदार मरतो. सोळा वारस. त्यांच्या आठ जोड्या लावल्या जातात, दर जोडीला दहा हजार डॉलर आणि थोडेसे शब्द. ते शब्द कशावर लिहिलेत? त्याच्याच कंपनीच्या पेपर टॉवेलच्या तुकड्यांवर! जो कोडं सोडवेल त्याला वीस कोटी डॉलर. त्यातली टर्टल नावाची तेरा वर्षांची कार्टी सगळ्यांच्या नडगीवर लाथा घालत फिरते आणि मिळालेले पैसे शेअर बाजारात लावते.

आता विचार करा. मेलेल्या माणसाच्या शब्दाखातर सोळा जण एका खोलीत येऊन मुकाट बसतात, ते कशाच्या जोरावर? पैशाच्या. आपल्याकडे म्हातारा गेल्यावर त्याचं कोण ऐकतं? असताना तरी कोण ऐकत होतं! म्हणजे या गोष्टींत पैसा शोभेला नसतो, गिरणीच्या पट्ट्यासारखा तो सगळं फिरवतो. 'इनहेरिटन्स गेम्स'मध्येही तसंच. टोबियस हॉथॉर्न ४६.२ अब्ज डॉलर ठेवून जातो, आपल्या रुपयांत जवळपास चार लाख कोटी. दोन मुली आणि चार नातवांना बाजूला सारून जवळजवळ सगळं एव्हरी नावाच्या अनोळखी मुलीला. ही कनेक्टिकटमध्ये राहणारी, कधीकधी गाडीत झोपून रात्र काढणारी. अट एकच, टेक्ससमधल्या त्या वाड्यात एक वर्ष राहायचं. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यासोबत, एकाच छताखाली. दोन गुंठ्यांसाठी अशी अट कोण पाळेल? तिसऱ्या दिवशी रिक्षा करून निघून जाईल.

अजून एक. श्रीमंतांकडे कागद असतात. पत्रं, फोटो, नोंदवह्या, पोर्ट्रेटं, कुलूपबंद खोल्या. शोधायला काहीतरी लागतं ना? आमच्या आजोबांनी मागे ठेवलं ते चष्म्याचं घर आणि पतपेढीचं पासबुक.

मांडवीतीर | रविवार, सकाळी ९:१५

वेळूबन, तुमचा हॉथॉर्न गोव्यात असता तर कादंबरी तिसऱ्या पानावर संपली असती. :) मी पणजीत वकिली करतो म्हणून हे अवांतर.

गोव्यात १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता होती. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या कायद्यात आलाय, पण गाभा तोच राहिला. मुलंबाळं असतील तर माणूस मृत्युपत्राने फार तर अर्ध्या इस्टेटीची वासलात लावू शकतो. उरलेला अर्धा हक्काच्या वारसांचा. कायद्यात मोजकी कारणं दिलीत, त्यांतलं एखादं असल्याशिवाय पोराला वगळताच येत नाही. तिकडे टेक्ससमध्ये, किंवा महाराष्ट्रात स्वकष्टार्जित मिळकत असेल तर हिंदू माणूस, सगळंच्या सगळं परक्याला देऊ शकतो. म्हणजे 'सगळं एका अनोळखी मुलीला' हा धक्का मुळात कायद्याने दिलेली सूट आहे.

पण आमच्याकडे दुसरी गंमत आहे आणि त्यावर कुणी कादंबरी का लिहीत नाही देव जाणे. वाटणीचं प्रकरण कोर्टात गेलं की घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी होते आणि मग वारसांमध्येच लिलाव होऊ शकतो. जो जास्त बोली लावेल त्याला वस्तू, त्याने इतरांचे पैसे द्यायचे. सख्खी भावंडं आजीच्या शिसवी पलंगावर एकमेकांविरुद्ध बोली लावताना मी पाहिलीत. पलंगाची किंमत बाजारात जी होती त्याच्या कितीतरी पट वर गेली. पलंग कुणालाच नको होता. दुसऱ्याला मिळू नये एवढंच होतं.

जुनाट_कपाट | रविवार, सकाळी ९:३१

वकीलसाहेब, लिहाच तुम्ही. पहिली प्रत माझी.

बॉस्टनवारी | रविवार, सकाळी १०:०२ (इथे रात्रीचे साडेबारा)

या धाग्यावर मला बोलायलाच हवं, कारण माझं त्या 'लायर्स'शी एक जुनं भांडण आहे.

आधी बेटाबद्दल. ते काल्पनिक आहे, पण हवेतलं नाही. इथे वुड्स होलहून मार्थाज व्हिनयार्डला जायला पाऊण तासाची बोट आहे. जवळच नॉशॉन बेट आहे, ते एकोणिसाव्या शतकापासून फोर्ब्ज घराण्याकडे. म्हणजे 'आमच्या आजोबांचं बेट' असं म्हणणारी माणसं इथे खरोखर आहेत. आणि ती दिसायला अजिबात श्रीमंत नाहीत हो. कोपराला विरलेला स्वेटर, जुनाट गाडी, घरात लाकूड करकरणारं. इथे नव्या पैशाचं घर चकाकतं आणि जुन्या पैशाच्या घराचा रंग उडालेला असतो. पैशाबद्दल बोलणं म्हणजे असभ्यपणा. कादंबरीतलं मौन तिथूनच येतं. सिंक्लेअर मंडळी खोटं बोलतात ते मुख्यतः न बोलून.

आता भांडण. त्या बेटावर एक पाहुणा मुलगा येतो, मावशीच्या मित्राचा पुतण्या. भारतीय वंशाचा. कॅडन्सचा जीव त्याच्यावर. त्याचं नाव गॅट, आणि आडनाव काय? पाटील!

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बोटीच्या डेकवर मोठ्याने 'अरे!' म्हणाले. गावाकडे ज्याच्या वाड्यावर लोक चपला काढून उभे राहायचे तो पाटील. आणि इथे त्याच पाटलाच्या पोराला घरमालक आजोबा कधी नावाने हाक मारत नाहीत, नुसतं 'यंग मॅन'. गॅटच एकदा कॅडन्सला हे दाखवून देतो आणि तिच्या ते इतक्या वर्षांत लक्षातच आलेलं नसतं. घरात काम करणाऱ्यांची नावं तिला ठाऊक नाहीत, हेही तोच दाखवतो. त्या पुस्तकातला मला सगळ्यात खरा वाटलेला भाग तो.

आणि तरीही रुसवा आहे. आडनाव पाटील, पण मराठी कानाला ओळखीचं फारसं काही हाती लागत नाही. आडनाव यादीतून उचलल्यासारखं वाटतं. २०२५ च्या जूनमध्ये त्याची मालिका आली तेव्हा इथल्या मराठी मंडळात कुणीतरी विचारलंच, "कुठले पाटील?"

वेळूबन | रविवार, सकाळी १०:२०

हाहाहा. 'कुठले पाटील' हीच खरी तपासाची सुरुवात.

शनवारातला_वाटाड्या | रविवार, दुपारी १२:४०

श्रीमंत घराणं, कोवळं वय, खून, कागदात फेरफार, घरचाच माणूस संशयित. मंडळी, हे सगळं पुण्यात ३० ऑगस्ट १७७३ ला झालंय. श्रीमंत नारायणराव पेशवे, वय वर्षं अठरा. काका, काकू आणि 'ध'चा 'मा'. तो 'मा' आख्यायिका आहे की खरा यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. आम्ही शनिवारवाड्यात फिरवायला नेतो तेव्हा शाळेची पोरं तोफांपाशी थांबत नाहीत. नारायण दरवाज्यापाशी थांबतात.

जुनाट_कपाट | रविवार, दुपारी १२:५५

झालं. धागा पेशव्यांवर गेला. आता शंभर प्रतिसाद नक्की.

अकरावी_अ | रविवार, दुपारी ३:१०

मी इथे फक्त वाचते, पण आज लॉगिन केलं. मी सोळा वर्षांची आहे आणि इथे सगळे मोठे लोक आम्हाला काय आवडतं ते ठरवतायत म्हणून लिहितेय. सॉरी, राग नाही.

काका, झुंबरासाठी कुणी वाचत नाही. झुंबर इन्स्टावर फुकट दिसतं.

'द कझिन्स'मध्ये आजीने आपल्या चारही मुलांना घरातून काढलेलं असतं. कशासाठी? माहिती नाही. वकिलामार्फत एका ओळीचं पत्र, 'तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत आहे.' बास. मग पंचवीसेक वर्षांनी नातवंडं तिथे जाऊन शोधतात. मला ते वाचून पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आमच्याकडे एक काका आहेत, त्यांचं नाव घेतलं की आजी पाणी प्यायला उठते. मी लहान असल्यापासून. मी विचारलं की 'तुला काय करायचंय' आणि 'अभ्यास कर'. पुस्तकातल्या मुलांना कुणी 'तुला काय करायचंय' म्हणत नाही, आणि म्हटलं तरी ती ऐकत नाहीत. तपास करणं हेच त्यांचं काम असतं. त्यांना क्लास नसतो, जेईई नसते. श्रीमंत असल्याचा एवढाच उपयोग. मोकळा वेळ.

आणि एव्हरी मला का आवडते तर पहिल्याच प्रसंगात तिला प्रिन्सिपल बोलावतात, कारण फिजिक्समध्ये पैकीच्या पैकी पडलेत म्हणजे कॉपी केली असणार. गरीब मुलीला एवढे मार्क कसे. हे वाचून आमचा अख्खा ग्रुप किंचाळला होता.

बॉस्टनवारी | रविवार, दुपारी ३:३२

अकरावी_अ, तू रोज लॉगिन कर बाळा. (झोप उडाली माझी.)

कृष्णामाई | रविवार, सायंकाळी ५:४५

अकरावी_अ, तुझी ती पाणी प्यायला उठणारी आजी वाचली आणि मला लिहावंसं वाटलं.

रेवाताईंनी विचारलं, दोन गुंठ्यांवर कादंबरी का नाही. मी सांगते एक. साताऱ्याकडची, १९९८ ची. आजोबा गेले त्याला चार महिने झाले होते. मामांनी आईला आणि तिन्ही मावश्यांना बोलावून घेतलं. पुरणपोळीचं जेवण. चौघींना एकसारख्या साड्या, लिंबू रंगाच्या. जेवण झाल्यावर जीपने तालुक्याला. मी तेरा वर्षांची, मला बिस्किटाचा पुडा देऊन बाहेर बाकड्यावर बसवलं. आत चौघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. आईचं अक्षर मोत्यासारखं, पण सहीबरोबर अंगठाही घेतला. बाहेर आली तेव्हा तिला अंगठा कशाला पुसावा ते सुचेना. शेवटी त्या नव्या साडीच्या पदराला पुसला. जांभळा डाग. ती साडी आईने पुन्हा नेसली नाही, पण टाकलीही नाही. अजून कपाटात आहे, डाग आतल्या घडीत.

येताना मी विचारलं, कशाची सही? आई म्हणाली, "माहेरची वाट मोकळी राहायला हवी ना."

१९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशभर मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखाच हक्क आला, हे मी पुढे कॉलेजात शिकले. १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या हेही तिथेच शिकले. पण मुलगी म्हणून आजोबांच्या हिश्श्यात तिचा वाटा त्याच्याही आधीपासून होताच. नाहीतर सही कशाला घेतली असती? जी मुळात नाहीच ती गोष्ट सोडायचा कागद कुणी करत नाही. माझ्यापुरता तो पहिला दुवा.

तिकडच्या कादंबऱ्यांत रहस्य कशात आहे ते मला कळतं, कारण त्यांत मृत्युपत्र मोठ्याने वाचतात. सगळ्यांना बसवून. आपल्याकडे मोठ्याने काही होतच नाही.

मांडवीतीर | रविवार, सायंकाळी ६:०५

'जी मुळात नाहीच ती गोष्ट सोडायचा कागद कुणी करत नाही.' ताई, हे वाक्य मी कोर्टात वापरणार आहे.

वेळूबन | रविवार, सायंकाळी ६:३०

कृष्णामाई, नि:शब्द.

तुमचं वाचून एक सुचलं. मराठीत घराण्याची श्रीमंती येते ती बहुतेक उतरणीला लागलेलीच. 'वाडा चिरेबंदी' घ्या, १९८५. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, दागिन्यांची पेटी, तेराव्याचा खर्च. आणि त्यात रंजू आहे, शाळकरी वयाची. चाळीस वर्षं झाली, आता शेवट फोडला तर चालेल: ती दागिने घेऊन मास्तराबरोबर मुंबईला पळते. नाटकात आपण तिच्याकडे मोठ्यांच्या नजरेने बघतो, मूर्ख पोरगी, घराण्याचं नाक कापलं. पण तेच सगळं रंजूने सांगितलं तर? कोण कुणाशी काय बोललं, पेटी कुठे ठेवलीय, कुणाला न कळता कोण रडतं, घरात हे सगळं तिलाच माहीत असणार. तिला कुणी मोजत नाही म्हणून तिच्यासमोर सगळे बोलतात. ती कादंबरी मला वाचायची आहे.

जुनाट_कपाट | रविवार, सायंकाळी ६:५०

मातोश्रींच्या मालिकेवरचं विधान मागे घेतो. फाफेवरचं नाही.

तरी एक शंका राहतेच. ही पुस्तकं शेवटी श्रीमंतांना सोडून देतात असं नाही वाटत? एव्हरीला चार लाख कोटी मिळतात, मग प्रश्न एवढाच की तिला कोणता नातू आवडतो. एवढा पैसा आला कुठून हे कुणी विचारतं का?

बॉस्टनवारी | रविवार, सायंकाळी ७:२०

त्या पुस्तकांच्या पुढच्या भागांत थोडं येतं, पण अनुमोदन. 'लायर्स'मध्ये निदान गॅट विचारतो, हे बेट कुणाचं. एव्हरीच्या गोष्टीत कोडी इतकी मजेदार आहेत की विचारायचं राहून जातं. गुप्त दार उघडलं की वाचक आधी आत शिरतो.

रेवाकाठ | रविवार, रात्री १०:५५

दिवसभर वाचत होते, लिहायचा धीर होत नव्हता.

काल 'जाऊ दे' म्हटलं ते सांगते. माझ्या सासऱ्यांची वाईजवळ जमीन होती. सात वर्षांपूर्वी विकली. नणंदेची सही आम्ही घेतली. फसवून नाही, तिला सगळं माहीत होतं. पण विचारलंही नाही, 'तुला काय हवंय' असं कुणी म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. मी तिच्यासाठी साडी आणायला गेले होते. लिंबू रंगाची नव्हती, मोरपिशी होती, पण कृष्णामाई, तुमचं वाचताना हात गार पडले.

लेक ज्या खोलीत पांघरुणात पुस्तकं वाचते ती खोली त्या पैशातली. नणंद सहा वर्षं आली नाही. दिवाळीला फोन येतो, दोन मिनिटांचा. लेक विचारते, आत्या का येत नाही? मी म्हणते, तिला सुट्टी नसते.

आज रात्री जेवताना तिने सहज विचारलं, "आपलं हे घर कितीला घेतलं होतं? आणि पैसे कुठले?" मी म्हटलं, भात घे.

अकरावी_अ | रविवार, रात्री ११:०८

काकू, तिला माहितीये. अगदी सगळं नाही, पण माहितीये. ती बघतेय तुम्ही सांगता का.

कृष्णामाई | रविवार, रात्री ११:१५

रेवाताई, नणंदेचा नंबर आहे ना? दिवाळीची वाट कशाला बघायची.

शनवारातला_वाटाड्या | सोमवार, सकाळी ८:३०

धागा वर काढतोय. 'द कझिन्स' कुणाकडे आहे का? कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोड, कुठेही घ्यायला येईन. आठ दिवसांत परत.

रेवाकाठ | सोमवार, सकाळी ९:०५

माझ्याकडे आहे. पण लेकीने समासात पेन्सिलीने खुणा केल्यात, कोण कुठल्या पानावर खोटं बोललं त्याच्या. आधी खोडून देऊ का?

शनवारातला_वाटाड्या | सोमवार, सकाळी ९:०७

नको, राहू द्या.